छत बघून घेतलेलं घर

रविवारी दुपारी पक्कडराव जिन्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरले होते आणि बाहेर उरलेले पाय घरातल्यांना हुकूम सोडत होते.

"काळी टेप!" पाय म्हणाले.

बायकोने टेप दिली.

"ही नाही. काळी."

"काळीच आहे. आत अंधार आहे म्हणून तुम्हाला दिसत नाहीये."

मग टेप आत ओढली गेली.

पक्कडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या वसतिगृहात असताना त्यांनी पंख्यापासून खानावळीच्या घंटेपर्यंत सगळ्या वस्तू पक्कड घेऊन दुरुस्त करायला काढल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा चालू होत्या. त्या पुढे खरोखरीच दुरुस्त कराव्या लागल्या आणि हे नाव चिकटलं. नंतर ते विमा कंपनीत साहेब झाले, केस गेले, चष्मा आला, पण नाव आणि पक्कड दोन्ही टिकून राहिली. बायकोही माहेरी त्यांच्याविषयी बोलताना हेच नाव घेई. समोर मात्र 'अहो'.

या नव्या घरात येऊन त्यांना आठवडाच झाला होता. अजून निम्मं सामान खोक्यांत होतं. चमचे सापडले होते, वाट्या सापडायच्या होत्या. अशा परिस्थितीत शहाणा माणूस वाट्या शोधतो. पक्कडराव तारा शोधत होते, कारण घराच्या प्रत्येक खोलीच्या छतात एकेक गोल, पांढरा, जाळीदार स्पीकर बसवलेला होता. आधीच्या मालकाने हौसेने बसवून घेतलेला. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, वरच्या खोल्यांत. इतकंच काय, बाथरूममध्येसुद्धा. त्या सगळ्यांच्या तारा भिंतींतून फिरत फिरत जिन्याखालच्या कपाटात येऊन एका जुडग्यात लोंबत होत्या. कुठली तार कुठल्या खोलीची, हे तेवढं कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि हे घर पक्कडरावांनी त्या छतासाठीच घेतलं होतं.

म्हणजे असं झालं, की घरं दोन होती. दुसरं घर बायकोला आवडलं होतं. ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं काम करायची. दिवसभर एकटी, समोर कागदांचा गठ्ठा. जुन्या घरात तिच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. त्या खिडकीतून वर्षानुवर्षं वाट्या गेल्या, वाट्या आल्या, आणि वाट्यांपेक्षा बातम्या जास्त आल्या. दुसऱ्या घराला अगदी तशीच खिडकी होती. समोरच्या बाईंनी तर घर बघायला आलेल्या या लोकांना हातही केला होता. या घराच्या स्वयंपाकघराला मात्र एका बाजूला शेजारच्या घराची सामाईक भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी दिसणारी खिडकी. पण दलालाने सहज म्हणून वर बोट दाखवलं, पक्कडरावांनी वर पाहिलं, आणि मग उरलेलं घर त्यांनी मान वर करूनच पाहिलं. त्यामुळे बाथरूमचा उंबरा त्यांच्या अंगठ्याला आधी आणि त्यांना नंतर समजला.

"घेऊ या तुमच्या मनासारखं," बायको म्हणाली होती. त्यानंतर या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. न बोलणं हा तिचा स्वभाव नव्हता. त्यामुळे ती बोलत नाही, हे पक्कडरावांना दिवसातून बऱ्याच वेळा ऐकू येत असे.

छत एकदा गायला लागलं, की सगळं ठीक होईल, असा त्यांचा हिशेब होता. ती मुद्रितं तपासत बसेल, वरून मंद गाणी झरतील, आणि एक दिवस ती आपण होऊन म्हणेल, बरं झालं हो, हेच घर घेतलं. शिवाय त्याच संध्याकाळी मेहुणी आणि साडू नवं घर बघायला येणार होते. साडूंच्या घरी एक डबी होती. तिला नुसतं तोंडाने सांगितलं की ती दिवे लावी, गाणी लावी, पाऊस पडेल का तेही सांगे. गेल्या वेळी साडूंनी पक्कडरावांना जेवायला बोलावून संपूर्ण जेवणभर त्या डबीशीच गप्पा मारल्या होत्या.

तेव्हा संध्याकाळच्या आत छत गायलाच हवं होतं.

पक्कडरावांचा कॉलेजच्या काळातला ॲम्प्लिफायर कपाटात बसवला गेला. घर बदलताना हा त्यांनी मजुरांच्या हाती दिला नव्हता, स्वतःच्या मांडीवर बसवून आणला होता. कॉलेजातली लेक त्या वेळी मागच्या सीटवर कुंड्यांमध्ये बसली होती. जुडग्यातली एक तार त्यांनी यंत्राला जोडली, माईक हातात घेतला, बायकोला स्वयंपाकघरात आणि लेकीला वरच्या खोलीत उभं केलं.

"हॅलो, हॅलो. स्वयंपाकघर, ऐकू येतंय का?"

"येतंय!" बायको ओरडली.

पक्कडरावांचा चेहरा उजळला. "छतातून?"

"दारातून!"

दुसरी तार. "हॅलो, वरची खोली. वरची खोली, ऐकू येतंय का? उत्तर द्या."

"बाबा," लेक जिन्यावरून म्हणाली, "तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडताय, की माईक कशाला हवाय?"

तिसरी तार. "हॅलो, बाथरूम. बाथरूममध्ये कोणी आहे का? असल्यास दारावर तीन थापा मारा."

थापा काही आल्या नाहीत.

"कोणी नाहीच आहे, तर थापा कोण मारणार?" लेक म्हणाली.

"मग तू जा ना तिथे!"

लेक गेली. कंटाळून परत आली. चौथी तार झाली, पाचवी झाली. कुठल्याच खोलीच्या छतातून साधा खाकरल्याचासुद्धा आवाज आला नाही. यंत्रावरचा काटा मात्र पक्कडरावांच्या प्रत्येक शब्दाला नाचत होता. म्हणजे आवाज तारेत जात होता. गेल्यावर कुठे जात होता, हा प्रश्न होता.

"इतकी वर्षं बंद आहेत ना," पक्कडराव म्हणाले, "गळे बसले असतील त्यांचे." आणि त्यांनी आवाजाचं बटण अर्ध्यावर नेलं. मग पाऊण. मग बटण जिथे संपत होतं तिथे. मग सगळ्याच तारा एकदम जोडून टाकल्या. अशा वेळी आणखी काही करायचं उरलं नाही की पक्कडराव शिडी मागत. शिडी आली. दिवाणखान्यातल्या स्पीकरची जाळी त्यांनी पक्कडीने जरा हलवून पाहिली, तशी जाळी खाली आली, जाळीमागून स्पीकर आला, स्पीकरमागून थोडं छत आलं. स्पीकर तारेला लोंबकळत त्यांच्या नाकासमोर झोके घेऊ लागला.

बायको धुळीच्या ढगातून दिवाणखान्यात आली. तिने लोंबकळणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं, सोफ्यावर पडलेल्या चुन्याकडे पाहिलं आणि आठवडाभर जे बोलली नव्हती ते बोलायला सुरुवात केली. पक्कडराव शिडीवर होते. एका हातात पक्कड होती आणि दुसऱ्या हातात चालू असलेला माईक.

"संध्याकाळी माणसं यायचीत आणि तुम्ही घर पाडायला काढलंय?"

"अगं, होईल सगळं नीट."

"या छतापायी मी ते घर सोडलं! किती छान खिडकी होती. मी काही बोलले का? नाही ना बोलले?"

"नाही बोललीस. तेच तर…"

"आता दिवसभर मी कोणाशी बोलायचं? भिंतीशी? तुम्ही ऑफिसात, ही कॉलेजात. परवा मी त्या पाण्याच्या टाकीला म्हटलं, काय, भरलीस का?"

लेक हसली. मग आईचा चेहरा बघून हसायची थांबली.

पक्कडराव शिडीवरून उतरले. त्यांना काही तरी गोड बोलायचं होतं. पण असं बोलणं त्यांच्या तोंडातून नेहमी दुरुस्ती झाल्यासारखं बाहेर येई. "हे चालू झालं ना," ते म्हणाले, "की तुला एकटं नाही वाटणार. त्यासाठीच चाललंय माझं. साडूचं काय, साडू गेला उडत."

"गेला उडत म्हणे! सकाळपासून त्याच्याच नावाने धडपडताय," बायको म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता. "चहा टाकते. तुम्ही आधी तो सोफा झाडा."

जाता जाता शेवटचा उपाय म्हणून पक्कडरावांनी माईक खाली ठेवला आणि यंत्रावर एक जुनं, भरपूर ढोलक असलेलं गाणं लावून पाहिलं. काही नाही. मग सगळे चहाला गेले. गाणं बंद करायचं राहूनच गेलं. जे ऐकूच येत नाही, ते बंद करायचं सुचणार तरी कसं?

चहा अर्धा झाला असेल नसेल, दाराची घंटा वाजली. एकदाच, पण अशी की लेक खुर्चीत सरळ बसली.

दारात शेजारच्या बाई उभ्या होत्या. एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताठ, किडकिडीत, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आठवड्यापूर्वी फाटकाशी एक नमस्कार झाला होता, त्यापलीकडे ओळख नव्हती.

"या ना, या!" पक्कडराव म्हणाले.

"नंतर येते. आधी ते बंद करा."

"काय?"

बाईंनी एका कानातला बोळा काढला. "गाणं."

"गाणं कुठाय? तेच तर रडगाणं आहे, बाई. आमच्याकडे गाणं लागतच नाहीये."

"तुमच्याकडे नाही. माझ्याकडे लागलंय. सगळ्या खोल्यांत."

पक्कडरावांनी बाईंकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा बाईंकडे. मग ते धावत कपाटात शिरले आणि सामाईक भिंतीपलीकडे इतका वेळ चाललेला एक बारीकसा धडधडाट थांबला. तो धडधडाट घरातल्या सगळ्यांनी पाण्याच्या पंपाचा समजून सोडून दिला होता.

बाईंनी दुसरा बोळाही काढला आणि आत येऊन चुन्याचा भाग टाळून सोफ्यावर बसल्या.

"मी जेवून जरा पडले होते," त्यांनी सुरुवात केली, हजेरी घेतल्यासारख्या आवाजात. "तर छतातून कोणीतरी विचारलं, 'स्वयंपाकघर, ऐकू येतंय का?' मी उठून स्वयंपाकघरात गेले. मग 'वरची खोली' असं झालं. मी वर गेले. आता या वयात एखाद्याला वाटतं की आपल्याला काहीतरी व्हायला लागलं. पण मी विचार केला, जो आवाज इतक्या शिस्तीने खोल्यांची नावं घेतोय, तो आपल्या डोक्यातला नसणार. माझ्या डोक्यात एवढी शिस्त आता राहिलेली नाही. म्हणून तोंड धुवायला गेले."

"कुठे?" पक्कडरावांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"बाथरूममध्ये. तिथे तुम्ही म्हणालात, कोणी असल्यास तीन थापा मारा."

पक्कडरावांनी डोळे मिटून घेतले.

"मी मारल्या," बाई म्हणाल्या.

लेक तोंडावर ओढणी घेऊन आत पळाली. बायकोने घाईघाईने चहाचा कप पुढे केला. "बाई, खरंच माफ करा हं. यांना दुरुस्तीची फार हौस आहे."

"ते कळलं. तुमचं बोलणं चाललं होतं ना मघाशी."

पक्कडराव घसा साफ करून म्हणाले, "ते… तेही आलं का ऐकू?"

"शब्द न् शब्द."

"ते तुम्ही मनावर घेऊ नका."

"मी कशाला घेऊ?" बाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

चहा झाल्यावर पक्कडराव बाईंबरोबर शेजारच्या घरात गेले. घर अगदी त्यांच्याच घरासारखं होतं, पण आरशात बघितल्यासारखं उलटं. सवयीने ते उजवीकडे वळले आणि दार समजून भिंतीला भेटले. बाईंच्याही जिन्याखाली कपाट होतं. कपाटात तसंच तारांचं जुडगं होतं. त्याला बाईंची छत्री टांगलेली होती.

"मला वाटायचं, छत्रीसाठीच आहे ते," बाई म्हणाल्या.

मग कोडं सुटलं. ही दोन्ही घरं दोन भावांनी एकाच वेळी, एकाच नकाशावर बांधली होती. एक उजवं, एक डावं. तारा ओढणाऱ्याने नकाशा कुठल्या तरी बाजूने उलटा धरला असणार. त्यामुळे या घराच्या कपाटातल्या तारा त्या घराच्या छतात गेल्या होत्या आणि त्या घराच्या कपाटातल्या या घराच्या.

"भावांना हे कळलं नाही?" पक्कडरावांनी विचारलं.

"दलाल म्हणाला होता, घरं झाल्या झाल्या दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. कारण कोणालाच कळलं नाही म्हणे." बाईंनी वर पाहिलं. "मला आत्ता कळलं."

बाईंकडेही एक यंत्र होतं. शाळेत नवीन आलं तेव्हा जुनं त्यांनी मागून घेतलं होतं. सवयीचं होतं, म्हणाल्या. त्याला माईक होता, माईकच्या दांड्यावर एक बटण होतं, आणि बाईंचा अंगठा त्या बटणावर आपोआप जाऊन बसे. पक्कडरावांनी छत्री काढली, तारा जोडल्या, गाणं लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एक काम पहिल्या फटक्यात झालं होतं. फक्त ते दुसऱ्याच्या घरी झालं होतं. बाईंच्या छतातून लगेच त्यांच्या लेकीचा आवाज आला, "आई गं! लागलं! आपल्याकडे लागलं! तो लोंबकळतोय ना, तोसुद्धा गातोय!"

पक्कडरावांना भरून आलं. त्यांनी उत्साहाने बाईंचा माईक उचलला, पण "हॅलो" म्हणायच्या आत दोन्ही घरांतून कुईं… असा काही आवाज निघाला, की समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायचं सोडून आत गेला. इकडचा माईक तिकडे ऐकू येणार, तिकडचा इकडे, आणि दोन्ही चालू ठेवले तर आवाज गोल गोल फिरत राहणार. बाईंनी शांतपणे त्यांच्या हातून माईक काढून घेतला आणि बटण बंद केलं.

"एका वेळी एकाने बोलायचं," त्या म्हणाल्या. "हे मी तुमच्यापेक्षा लहान मुलांना शिकवलेलं आहे."

तारांची अदलाबदल करायची तर भिंती फोडाव्या लागणार होत्या. आणि साडू तर यायच्या वाटेवर होते. पक्कडरावांचा चेहरा पाहून बाईंनाच दया आली.

"तुम्हाला गाणी हवीत ना संध्याकाळी? मी इथून लावते. तुमचा तो माईक तेवढा दिवाणखान्यात चालू राहू द्या, म्हणजे पाहुणे कधी आले, आवाज कधी कमी करायचा, ते मला कळेल."

"तुम्हाला त्रास…"

"त्रास कसला? दुपारची झोप तर गेलीच आहे."

पक्कडराव फाटकाफाटकाने घरी परतले, तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. माईक तिने वायर ताणून आत आणला होता आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. ती छताकडे बघत बोलत होती. म्हणजे बोलायची, मग माईक बंद करायची, मग छत बोलायचं. दूध कोणाकडून घ्यावं आणि कोणाकडून मुळीच घेऊ नये, इथवर गोष्टी आल्या होत्या.

"जरा माईक देतेस का?" पक्कडराव म्हणाले. "दिवाणखान्यात ठेवायचाय."

"थांबा हो," बायको म्हणाली. "बाईंचं बोलणं पुरं होऊ दे."

तेवढ्या वेळात पक्कडरावांनी सोफा झाडला आणि लोंबकळणारा स्पीकर काळ्या टेपने छताला चिकटवला.

साडू आले ते घरभर नजर फिरवतच आले. सुगंधी, प्रसन्न, प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून बघणारे. मेहुणी मागून मिठाईचा डबा घेऊन. बसल्या बसल्या साडूंनी पाय पुढे केले, ते थेट समोरच्या टेबलावर. तिथे ते ठेवूनच म्हणाले, "छान आहे. जुन्या पद्धतीचं आहे, पण छान आहे. आमच्याकडे मी आता पडदेसुद्धा डबीला जोडलेत. नुसतं म्हणायचं, पडदे उघड. की उघड."

आणि तेवढ्यात घर गायला लागलं. मंद, चहूकडून. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, वर, आणि बाथरूममध्येसुद्धा. मेहुणी मिठाईचा डबा हातात धरून गिरकी घेत राहिली.

"अय्या भाऊजी! कुठून येतंय हे?"

"छतातून," पक्कडराव म्हणाले. ते दारात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभे होते. बाकी काही बोलले नाहीत. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची घाई नव्हती.

साडूंनी वर पाहिलं. "तोंडी हुकमावर चालतं का?"

"बघा ना बोलून."

"आवाज वाढव!" साडू छताला म्हणाले.

गाणं तसंच राहिलं.

"ए, आवाज वाढव!"

कुईं… असा बारीक आवाज आला, गाणं थांबलं आणि छत बोललं, "'ए' कोणाला?"

साडूंचा हात छातीवर गेला.

"'आवाज वाढवा' असं म्हणायचं," छत म्हणालं. "म्हणा."

"आवाज… वाढवा," साडू म्हणाले.

"बरं." कुईं थांबलं. गाणं परत सुरू झालं, आधीपेक्षा जरा मोठं.

"अहो, हे तर वळण लावतं!" मेहुणी टाळ्या पिटत म्हणाली. "भाऊजी, आधी आमच्याकडे बसवा हे. आमची डबी नुसती हो ला हो करते. आणि हे तिच्या नादाने कोणालाही काहीही सांगत सुटलेत. परवा मला म्हणाले, चहा लाव!"

साडू हरल्यासारखे दिसत नव्हते. ते मोहात पडले होते. यंत्राने आपल्याला दरडावलं, हा अनुभव त्यांना नवीन होता. त्यांनी छताला आपुलकीने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. पाऊस पडेल का, असं विचारल्यावर छत म्हणालं, "खिडकीतून बघा." आणि मग, कोणी काही विचारलं नसताना, कुईं करून ते पुन्हा बोललं, "पाय खाली घ्या."

साडूंनी टेबलावरचे पाय झटक्यात खाली घेतले. "दिसतं पण याला?" ते कुजबुजले.

पक्कडरावसुद्धा दचकून वर बघत राहिले. बाईंना काही दिसत नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण इतकी वर्षं शाळा चालवल्यावर कोण कसं बसलं असेल, हे कळायला बघावं लागत नसावं.

गाणी चालू होती. मिठाई उघडली गेली. अशा वेळी धाकट्या बहिणी जे विचारायचं नसतं ते विचारतात.

"पण ताई," मेहुणी म्हणाली, "तू तर मला फोनवर त्या दुसऱ्या घराचं सांगत होतीस ना? ती खिडकी नि काय काय. तेच घेणार होतीस ना तू?"

पक्कडरावांनी दोन्ही हातांनी ट्रे सावरला आणि बायकोकडे न बघण्यासाठी ट्रेकडे बघितलं. दुपारपासून त्यांनी जे मनावर घेतलं होतं, ते त्या ट्रेपेक्षा जड होतं. साडू नुसते डबीवाले होते, त्यांना हरवून झालं होतं. पण आता बायको जे बोलेल, त्यावर या छताची खरी किंमत ठरणार होती.

बायकोने मिठाईचा तुकडा बशीत ठेवला. मग अगदी सहज म्हणाली, "छे गं. ते मलाच नको वाटलं. मला पहिल्यापासून हेच आवडलं होतं."

पक्कडरावांनी मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्यासाठी बऱ्याच गोष्टी केल्या होत्या, पण चारचौघांत, सख्ख्या बहिणीसमोर, इतकं धडधडीत काही केलं नव्हतं. त्यांच्या चष्म्यावर वाफ आली.

कुईं…

गाणं थांबलं.

"खोटं," छत म्हणालं.

मेहुणीचा घास तोंडात राहिला. साडूंनी सोफ्याचा हात घट्ट धरला. "खोटंही ओळखतं?" त्यांनी ओठांतल्या ओठांत विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते यंत्र घरी नेण्याचा विचार हळूहळू मावळत गेला.

बायको तर नकळत उभीच राहिली होती. ताठ, हात बाजूला, नजर वर. लेकही भिंतीला टेकली होती ती सरळ झाली. पक्कडराव ट्रेसकट उभे होतेच.

"खोटं नाही, बाई," बायको छताला म्हणाली. "म्हणजे पहिल्यापासून आवडलं, हे खोटं. दुपारपर्यंत नव्हतंच आवडलं. मी यांना बोललेसुद्धा, ते खरं होतं. पण मग चहाच्या वेळेपासून…" तिला शब्द सापडेना. मग तिने पक्कडरावांकडे पाहिलं. त्यांच्या कानाला अजून चुना लागलेला होता. "आता आवडतंय. हे खरं आहे. वाटल्यास यांना विचारा, माझ्या हातून माईक सुटत नव्हता."

खोलीत कोणी हललं नाही. पलीकडच्या घरात कोणीतरी घसा साफ केल्याचा आवाज तेवढा आला.

"ठीक आहे," छत म्हणालं. "बसा."

बायको बसली. लेक होती तिथेच जमिनीवर बसली. पक्कडराव ट्रे मांडीवर घेऊन बायकोशेजारी बसले. साडू आधीपासून बसलेलेच होते. ते उठले आणि पुन्हा बसले.